कोल्हेझरीची चौथी खूण

वर्ध्याच्या त्या छोट्या कचेरीत नव्यानं लागलेल्या पोरापोरींना मोहिनी गुल्हाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगायची. नकाशा बसवताना देऊळ धरायचं नाही. पूल धरा, शिवेचा दगड धरा, जुनी विहीर धरा, पण देव धरू नका. नागपूरहून भूगर्भशास्त्र शिकून आलेली पोरं एकमेकांकडं बघायची. बाई स्वतः दर शनिवारी मारुतीला तेल वाहते, मग देवाशी हिचं वाकडं कशानं आलं? वाकडं काही नव्हतं. पण त्यामागं एक गाव होतं, आणि त्या गावातला एक दिवस असा होता की त्याचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

मोहिनी सिंदी रेल्वे या गावची. बाजारओळीत तिच्या वडलांचं, महादेवराव गुल्हान्यांचं, सरकी-ढेपेचं दुकान. पोरीनं डीएड करून मास्तरीण व्हावं ही बापाची फार इच्छा, पण पोरगी गेली ती थेट आयटीआयमध्ये, आरेखकाच्या वर्गात. वर्गात सगळे पोट्टे आणि ही एकटी. "पोरीले रेघा ओढायले काऊन शिकवून राह्यले, महादेवराव?" असं गिऱ्हाइकं विचारायची. महादेवरावांना तरी ते कुठं पटलं होतं? पण आपल्या पोरीला दुसऱ्यानं नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. "तुह्या पोट्ट्याले म्हणा, एक सरळ रेघ ओढून दाखव," असं म्हणून ते ढेपेचं पोतं काट्यावर आदळायचे.

ब्याण्णव सालच्या सुमाराला ती हेमराजसरांच्या कचेरीत लागली. हेमराजसर भूगर्भाचे जाणकार. नोकरी सोडून त्यांनी वर्ध्यात स्वतःचं काम सुरू केलं होतं. गावाला विहीर कुठं खोदावी, बोअर कुठं मारावा, हे जमीन तपासून सांगायचं. कचेरीचा फिरता माणूस श्रावण. तो गावोगाव जाऊन जमिनीत खुंट्या ठोकायचा, त्यातून करंट सोडायचा आणि खाली खडक कोरडा आहे की ओला याची मापं घेऊन यायचा. ती मापं नकाशावर मांडायचं काम मोहिनीचं. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं ती नाल्याचं वळण काढायला बसली, की तिच्या टेबलाजवळून कोणी जोरात चालतही नसे. खोटं कशाला बोला, तसा हात त्या काळात जिल्ह्यात दुसरा नव्हता.

मग नव्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत एक प्रोग्राम आला. मापं भरली की जमिनीच्या पोटात काय आहे त्याचं चित्र काढून दाखवणारा. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आता या बाईच्या शाईचं काय होणार, असंही दोघातिघांनी बोलून घेतलं. पण घोडं पेंड खात होतं ते बेसमॅपपाशी. बेसमॅप म्हणजे ताटाखालचा पाट. विहिरी, मापं, खडकातल्या भेगा, जे काही मांडायचं ते त्याच्यावर. प्रोग्रामसोबत एक तयार बेसमॅप आला होता खरा. त्यात वर्धा जिल्ह्याची कड होती, जामचा चौक होता, कारण तिथून मोठा रस्ता जातो, आणि आष्टी हा एक ठिपका होता. बाकी सगळं पांढरं. मोहिनीनं तो पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाली, "सर, यात तं कोणी राहतच नाई."

"मग तू वसव," हेमराजसर म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले होते, पण पोरीनं मनावर घेतलं.

तिनं गावागावाचे स्वतःचे बेसमॅप करायला घेतले. सर्व्हेचा जुना कागदी नकाशा, टोपोशीट म्हणतात तो, कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. त्यावर एकेक थर चढवायचा. नाले एका थरात, रस्ते आणि पांधणी, म्हणजे वावरांतल्या गाडीवाटा, दुसऱ्यात, विहिरी तिसऱ्यात. त्यातही चालू विहीर वेगळ्या रंगाची आणि आटलेली वेगळ्या. वावरांना नंबर असतातच, पण ही त्यांची नावंही लिहायची. चिंचेचं वावर, खोलगट, भुताचा धुरा. एवढं करूनही नकाशा पुरा झाला असं ती म्हणायची नाही. छापील प्रत घेऊन ती एसटीनं त्या गावी जायची, पारावर ती पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची आणि लोकांना म्हणायची, आपापल्या वावरावर बोट ठेवा. ज्याचं बोट चुकीच्या जागी पडलं, तिथं एकतर माणूस चुकला किंवा नकाशा. बहुतेक वेळा नकाशा. याला ती नकाशा वाचून घेणं म्हणायची. बाहेरच्या कचेऱ्यांतले लोक तिचे बेसमॅप मागायला यायचे ते उगाच नाही. एवढा जीव ओतून केलेलं काम मी तरी फार कमी पाहिलं आहे.

आणि एवढी जपणारी बाई, ती चुकली. २००३च्या उन्हाळ्यात.

गाव कोल्हेझरी, आष्टी तालुक्यातलं. तिथं आधी दोन बोअर मारून झाले होते, कोणाकोणाच्या सांगण्यावरून, आणि दोन्हींतून नुसता फुफाटा उडाला होता. बायका पल्याडच्या शिवारातल्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. सरपंच होत्या रुख्माबाई. राखीव जागेवर निवडून आलेल्या, पण नवऱ्याला खुर्चीच्या आसपास फिरकू न देणाऱ्या. पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तिसरा बोअर मंजूर करून आणला. हा शेवटचा, चौथा मागू नका, असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं होतं. गावात तर कुजबुज होतीच, की बाई सरपंच झाली अन् गावचं पाणी गेलं. हा बोअर कोरडा निघाला तर कोल्हेझरी तहानलेलं राहणार होतं आणि रुख्माबाईंना गावात मान वर करून चालता येणार नव्हतं. हेमराजसरांना हे सगळं सांगताना त्यांचा आवाज कसा खाली खाली गेला, ते शेजारच्या टेबलावरून मोहिनीनं ऐकलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात महादेवरावांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मोहिनी दवाखाना आणि कचेरी अशी धावत होती. बोअर मारणारं मशीन आष्टी तालुक्यात फिरत होतं, त्याची वेळ चुकली तर ते पावसाळ्यापर्यंत परत येणार नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांत जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. गाव न पाहता गावाचा बेसमॅप केला.

टोपोशीट कॉम्प्युटरमध्ये घेतलं की त्यावरच्या निदान तीन खुणा जमिनीवर नेमक्या कुठं आहेत, ते प्रोग्रामला सांगावं लागतं. मग तो सारा नकाशा त्या खुणांवर ताणून बसवतो. मोहिनी एरवी पाच-सहा खुणा घ्यायची. या वेळी तिनं श्रावणला फोनवर तीनच सांगितल्या. आष्टी रस्त्यावरचा पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड आणि मारुतीचं देऊळ. नकाशात गावालगत एकच देऊळ होतं आणि कोल्हेझरीत मारुतीही एकच. श्रावणनं हातातल्या जीपीएस यंत्रानं तिन्ही जागा मोजून आणल्या. देवळाचे दगड झिजलेले, मारुतीवर शेंदराचे हे जाड थर. त्याला तरी संशय का यावा? प्रोग्रामनं तिन्ही खुणा गिळल्या आणि चूक शून्य दाखवली. आता यात एक गोम आहे. तीन खुंट्यांवर चादर कशीही ताणा, ती बसतेच. सुरकुती दिसते ती चौथी खुंटी ठोकल्यावर. हे मोहिनीला पक्कं ठाऊक होतं, पण बापाच्या काळजीत तिनं ते मागं ढकललं.

नकाशा बसला. नाल्याच्या सरळ धावेवरून खडकातली भेग दिसत होती, ती गावाच्या वरच्या अंगानं श्रावणच्या एका बऱ्यापैकी मापाजवळून गेली. पाणी असलंच तर ते अशा भेगेत. हेमराजसरांनी मान डोलावली, अहवालावर सही केली, वरच्या पडीत, म्हणजे पडीक रानात, खुंटी ठोकली गेली.

मशीन त्या गावी यायचं होतं त्या दिवशी महादेवराव उठून बसले होते. "जा तू, माहं काई अडलं नाई," म्हणाले. मोहिनी श्रावणच्या जीपमधून कोल्हेझरीला निघाली. नकाशा वाचून घ्यायचा राहून गेला होता आणि ते तिच्या मनाला खात होतं. पोचली तेव्हा वरच्या पडीत मशीन उभं होतं, रुख्माबाईंनी खुंटीपाशी नारळ फोडला होता आणि मशीनवाला चंदन पाइप जोडत होता. मोहिनीनं देवळाच्या ओट्यावर नकाशा पसरला. दगड ठेवले. बहुतेक लोक मशीन बघायला गेले होते. ओट्यावर एक म्हातारी तेवढी बसली होती, धुरपता तिचं नाव.

"आजी, हा मारोती," मोहिनीनं बोट ठेवून दाखवलं. "आता तुमचं वावर कुठी, सांगा."

धुरपतानं निळी रेघ बोटानं चाचपली. "हा नाला काय?"

"हो."

"अन् हा मारोती?"

"हो आजी."

"मंग हा खालचा मारोती आहे, पोरी. या मारोतीच्या पाठीशी नाला कुठी आहे? वळून पाहाय ना."

मोहिनी वळली. देवळामागं पऱ्हाटीचं वावर होतं, त्याच्यामागं आणखी एक, आणि नाल्याकाठच्या बाभळी पार खाली, लांबवर दिसत होत्या. नकाशात मात्र नाला देवळाच्या भिंतीला लागून होता.

धुरपता सांगत होती, "पूर आलता तवा खालचं गाव गेलं सारं. मंग आम्ही इथं वर आलो. देवाले एकट्याले खाली कसं सोडाव? बैलगाडीत बसवून आणला त्याले. देवळाचे दगडही आणले, एकेक करून."

टोपोशीट पुराच्या आधीचं होतं. कागदावरचं देऊळ खाली नाल्याकाठी, जमिनीवरचं वर टेकाडावर, आणि प्रोग्रामनं सांगितल्याप्रमाणे एकाला ओढून दुसऱ्यावर बसवलं होतं. त्याच्यासोबत नाला ओढला गेला, भेग ओढली गेली, आणि वरच्या पडीतली ती खुंटी कशावरच नव्हती. मोहिनीला हे कळायला काही वेळ लागला नाही. वर मशीनचं इंजिन सुरू झालं होतं.

इथं मी जरा थांबतो. गप्प राहणं किती सोपं होतं बघा. आपल्याकडं बोअर फेल जातातच. खडकाला दोष द्यायचा आणि चहा पिऊन घरी यायचं. जन्मात कोणी विचारलं नसतं. मोहिनी नकाशा तसाच टाकून पडीकडं पळत सुटली. पायातली चप्पल तुटली तर ती हातात घेऊन पळाली.

"मशीन थांबवा," ती म्हणाली. धाप लागली होती. "खुंटी चुकीच्या जागी आहे. नकाशा मी केला आहे, चूक माझी आहे."

चंदननं इंजिन बंद केलं, पण त्याचं डोकं तापलं. "म्याडम, नारळ फुटला आहे. अन् उद्या सकाळी मशीन कारंज्याले पाह्यजे. मी काय इथं तुमचे नकाशे पाहत बसू?"

लोकांत गलका झाला. नारळ फोडल्यावर जागा हलवणं अशुभ, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, या लोकायले समजत नाई तं येतात कायले. रुख्माबाई पुढं आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दुसरी जागा तुमाले पक्की माहीत आहे?"

"नाई. ही जागा चुकली हे पक्कं माहीत आहे. दुसरी सांजवरी काढून देतो. तिथं पाणी लागंनच असं मात्र मी म्हणत नाई."

खोटा धीर द्यायला काय जातं? पण तो तिनं दिला नाही, आणि मला वाटतं रुख्माबाईंनी तेवढ्यासाठीच तिचं ऐकलं. बाई चंदनकडं वळल्या. "सांजवरी थांबजो, बाबू. जेवण माह्या घरी."

धुरपता मोहिनीला आणि श्रावणला खाली घेऊन गेली. जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या, भिंतींची ढेकळं तेवढी उरली होती. देवळाचा ओटा तिथंच होता, वरचं सगळं नेलेला. त्याच्या थोडं पुढं गावविहिरीचं तोंड, गाळानं बुजलेलं, पण कडेचे दगड शाबूत. टोपोशीटवर विहीरही होती. मोहिनीनं ओट्यावर उभं राहून जीपीएसचे आकडे घेतले, मग विहिरीवर. पूल आणि शिवेचा दगड आधीचे होतेच. आता खुणा चार झाल्या.

आकडे घेऊन जीप आष्टीला गेली, एसटीडी बूथवर. वर्ध्याला कॉम्प्युटरसमोर हेमराजसर बसले. सरांनी आयुष्यभर खडक फोडले होते, पण माऊस त्यांच्या हातातून मासोळीसारखा निसटायचा. मोहिनी फोनवर एकेक सांगत होती. डावीकडची यादी उघडा. बेसमॅप. ते नाही सर, त्याच्या खालचं. देवळाचा आधीचा आकडा पुसा. पुसला? आता खालच्या ओट्याचा टाका, मग विहिरीचा. नकाशा गायब झाला? घाबरू नका, कोपऱ्यात गेला असंल. बूथवाला कान टवकारून ऐकत होता. ही बाई कोणाला तरी दुरून गाडी चालवायला शिकवते आहे असं त्याला वाटलं असावं.

"चूक किती दाखवते, सर?"

"अगदी थोडी. चारही खुणांवर."

मोहिनीनं डोळे मिटले. सुरकुती गेली होती. सरांनी भेगेची रेघ पुन्हा बघितली. ती खाली सरकली होती आणि श्रावणच्या नवव्या मापावरून जात होती. ते माप सगळ्यांत चांगलं आलं होतं, पण भेगेपासून लांब आहे म्हणून दोघांनीही ते सोडून दिलं होतं. तिनं जागेचे आकडे लिहून घेतले.

"मोहिनी," सर म्हणाले, "अहवालावर सही माझी आहे. सांग त्यांना, हेमराजचं चुकलं."

"आता कसं सांगू, सर? मी तं सकाळीच माह्या नावानं सांगून बसली."

परत येऊन यंत्रानं शोधली, तर नवी जागा जुन्या गावात पडली, बाभळीखाली, एका पडक्या जोत्याच्या पुढ्यात. ते जोतं धुरपताच्या घराचं होतं. पुरात त्या घरातून तिचा नवरा आणि सून गेली होती. हे कळल्यावर लोक मागं सरले. त्या जागेचं पाणी कोणी प्यायचं नाही, असं काही जण म्हणू लागले. सरपंच झाल्या म्हणून म्हातारीच्या दुःखावर मशीन उभं करायचं रुख्माबाईंच्याही जिवावर आलं होतं. मोहिनीचे डोळे भरून आले. नकाशावर जो ठिपका होता, तिथं कोणाचं तरी अंगण होतं.

धुरपता जोत्यापाशी गेली आणि उभी राहिली.

"या जागेनं माहं सारं नेलं," ती म्हणाली. "आता काई देत असंन तं देऊ द्या तिले."

मशीन खाली आलं. नारळ कोणी आणला नव्हता, कोणाला आठवलाही नाही. आधी पिवळी माती निघाली, मग काळ्या खडकाचा कोरडा भुगा. भुगा निघत राहिला आणि लोकांचे चेहरे उतरत गेले. मोहिनी दोन्ही हातांनी नकाशाची गुंडाळी आवळून उभी होती. तो कागद पुन्हा कधी सरळ झाला नाही. मग भुग्याचा रंग गडद झाला. चंदननं चिमूटभर उचलून बोटांत चोळला, लोकांकडं बघितलं आणि आणखी एक पाइप जोडला. तो पाइप अर्धा जातो न जातो तोच खालून धाड असा आवाज आला आणि राखाडी चिखल उसळून चंदनच्या डोक्यावरून पडला. चिखलामागून पाणी आलं. गढूळ, मग कमी गढूळ, मग लोकांनी ओंजळीत धरावं असं.

बायका हंडे आणायला धावल्या. धुरपता जोत्यावर बसून पाण्याकडं बघत रडत होती, आणि तिच्या शेजारी बसून मोहिनीही रडत होती. सकाळपासून धरून ठेवलं होतं, ते सगळं तिथं सुटलं. रुख्माबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लुगडं चिखलानं माखलं होतं.

"सकाळी तू गप राह्यली असती, तं कोणाले काईच समजलं नसतं," त्या म्हणाल्या. "बोअर फेल गेला असता, अन् लोक मलेच बोलले असते."

"हो बाई. तेच डोक्यात आलं, म्हणून तं पळत आली."

रुख्माबाईंनी पदरानं तोंडावरचा चिखल पुसला. "दिवसभर म्याडम म्याडम करून राह्यली मी. नाव काय व तुहं?"

"मोहिनी."

पहिला हंडा भरला होता. उचलायला आलेल्या बाईला रुख्माबाईंनी हातानं थांबवलं, गडूभर पाणी काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पयले मोहिनीले."